विद्यापीठात शिस्तपालनाचं काम घ्यावं का? अनुभवी लोकांनी सांगा

पारिजातक

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा मात्र पहिलाच. लांबलाय, सांभाळून घ्या.

पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात मी १४ वर्षं संख्याशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात कुलसचिवांनी बोलावून विचारलं, जूनपासून विद्यार्थी शिस्तपालन विभाग सांभाळाल का? परीक्षेतल्या कॉप्या, वसतिगृहातल्या मारामाऱ्या, रॅगिंगच्या तक्रारी, गेटवर वॉचमनशी झालेली हुज्जत, सगळ्या फायली एकाच टेबलावर येणार. शिकवण्याचे तास निम्मे होतील, थोडा भत्ता मिळेल. आधीचे सर निवृत्त होताहेत आणि दुसरं कुणी तयार नाही, हेही त्यांनी सरळ सांगून टाकलं.

घरात दोन मतं. नवरा म्हणतो, आज मुलं तुला व्हरांड्यात थांबवून शंका विचारतात, उद्या तुला बघून जिना बदलतील. सासूबाई म्हणतात, घे, त्या खुर्चीत धड माणूस बसायला हवं.

माझं घोडं दुसरीकडेच अडलंय. गेल्या वर्षी मी चौकशी समितीत सदस्य म्हणून बसले होते. एस.वाय.चा मुलगा, खिशात चिठ्ठी सापडलेली. लांब टेबलाच्या एका बाजूला आम्ही पाच जण, समोर तो उभा. त्याला कुणीच बस म्हणालं नाही, मीही नाही. ११ मिनिटांत सगळं आटोपलं. त्या सत्राची पूर्ण परीक्षा रद्द. शिक्षा नियमात बसणारी होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तो बाहेर गेला आणि परत आत आला, "मॅडम, बाटली राहिली माझी." मी उचलून दिली. हात इतका थरथरत होता की ती त्याच्याकडून खाली पडली. मी परत उचलून दिली. त्या मुलाचं नाव मला आठवत नाही. बाटली निळी होती, ते आठवतं.

ज्यांनी हे काम केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी सांगा. रोजचं काम नेमकं काय असतं? आणि हो म्हणण्याआधी मी काय काय मागून घेऊ?

शेवंती

वाचतेय. वाचनखूण साठवली आहे.

गणेशखिंडकर

ताई, मी परीक्षा विभागात ३१ वर्षं काढली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो, सहायक कुलसचिव म्हणून बाहेर पडलो. त्यातली ९ वर्षं गैरप्रकारांचं टेबल माझ्याकडे होतं.

रोजचं काम म्हणाल तर कागद. परीक्षेच्या दिवसांत केंद्रांवरून पाकिटं येतात. एका पाकिटात काय काय असायला हवं? जप्त केलेली उत्तरपत्रिका. सापडलेला कागद, त्यावर विद्यार्थ्याची आणि पर्यवेक्षकाची सही. पर्यवेक्षकाचा अहवाल, वेळेसकट. केंद्रप्रमुखाचं पत्र. विद्यार्थ्याचा जबाब. आणि त्यानंतर त्याला दिलेली दुसरी उत्तरपत्रिका, कारण पकडला गेला तरी उरलेला पेपर त्याला लिहू द्यायचा असतो. यातला एक कागद कमी पडला की केस लंगडी. भरारी पथकाने चिठ्ठी जप्त केली आणि किती वाजता ते लिहिलंच नाही, अशी पाकिटं मी ढिगाने पाहिली आहेत.

आता जबाबाचं सांगतो. सगळ्या केंद्रांवरून सगळ्या मुलांचे जबाब एकाच मजकुराचे यायचे. 'माझ्याकडून चूक झाली, पुन्हा होणार नाही.' मुलं रडकुंडीला आलेली असायची आणि पर्यवेक्षक हे वाक्य सांगून लिहून घ्यायचे. पुढे मी केंद्रांना सांगायला लागलो, कोरा कागद द्या आणि बाजूला व्हा. पहिल्याच हंगामात एका मुलाने कोऱ्या कागदावर लिहिलं की बाकाच्या कप्प्यात सापडलेली चिठ्ठी माझी नाही, अक्षर जुळवून बघा. बघितलं. चिठ्ठी अकाउंट्सची, त्याचा पेपर होता बिझनेस लॉचा. सकाळच्या सत्रातल्या कुणाची तरी राहिलेली. सांगून लिहून घेतलेला जबाब असता तर त्याचं वर्ष गेलं असतं.

शिक्षा ठरवायला फार वेळ लागत नाही. कुठल्या प्रकाराला कुठली शिक्षा याचा तक्ता बहुतेक ठिकाणी असतो. दिवस जातात ते नेमकं काय घडलं हे ठरवण्यात.

मागायचं असेल तर दोन गोष्टी मागा. टिपण लिहिता येणारा स्वतःचा लिपिक आणि कुलूप लागणारं लोखंडी कपाट. फायली दुसऱ्या विभागाच्या रॅकवर ठेवाव्या लागल्या की चार दिवसांत सगळ्या कॅम्पसला नावं माहीत होतात.

रांगेत_उभा

माझं मत जरा कडक आहे. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून एमपीएससीचा अभ्यास करतोय, म्हणजे परीक्षा हेच आयुष्य झालंय.

पारिजातकताई, त्या मुलाचं वाचून वाईट वाटलं. पण माझी बाजूही ऐका. डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला मला ५८ टक्के पडले. पुढच्या बाकावरचा मांडीवर पुस्तक ठेवून लिहायचा, त्याला ७१. कॅम्पस मुलाखतीची अट ६० ची होती. तो आत गेला, मी बाहेर राहिलो. पर्यवेक्षकांना दिसत होतं, त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. माझ्या वडिलांनी कांदा विकून फी भरली होती. माझी बाटली कुणी उचलून दिली नाही.

राज्यात परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध १९८२ पासून कायदा आहे. आपल्याकडे दयामाया दाखवली जाते ती नेहमी पकडल्या गेलेल्याला. ज्याचं नुकसान झालं तो त्या खोलीत नसतोच. तुम्ही खुर्ची घेणार असाल तर त्याला विसरू नका.

पारिजातक

@रांगेत_उभा, पटलं. दोनदा वाचलं तुमचं. समितीत त्या दिवशी तुमच्यासारख्या मुलाचा विचार कुणाच्याच मनात नव्हता, हेही खरं.

गणेशखिंडकर काका, कपाट लिहून ठेवलं.

पेठेतला_वकील

विद्यार्थी आणि संस्था, दोघांच्याही बाजूने अशी प्रकरणं लढलो आहे. ताई, तीन निकाल वाचून ठेवा, तिन्ही सर्वोच्च न्यायालयाचे.

१९६२ चा घनश्यामदास गुप्ता. उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाने तीन विद्यार्थ्यांचा निकाल रद्द केला आणि त्यांचं म्हणणं ऐकलंच नाही. मंडळाची भूमिका अशी की ऐकून घ्या असं आमच्या नियमात कुठे लिहिलंय? न्यायालयाने सांगितलं, लिहिलेलं नसलं तरी मुलाच्या भवितव्यावर एवढा परिणाम करणारा निर्णय घेताना त्याला बाजू मांडू द्यावीच लागेल.

१९७० चा बिहारचा निकाल. एका केंद्रावर सरसकट कॉपी झाली म्हणून तिथली परीक्षाच रद्द केली गेली. तिथे न्यायालयाने उलट म्हटलं की कुणा एकावर ठपका ठेवलेला नाही, परीक्षाच भरवशाची राहिली नाही, तेव्हा प्रत्येकाची वेगळी सुनावणी घ्यायची गरज नाही.

आणि १९७३ चा हिरानाथ मिश्रा. हा तुम्हाला सगळ्यात जास्त उपयोगी पडेल. रांचीच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात काही विद्यार्थी रात्री मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात शिरले. मुलींनी तक्रार केली. चौकशी समितीने मुलींचे जबाब त्या मुलांच्या गैरहजेरीत घेतले. ओळख पटवताना मुलांचे फोटो इतर २० फोटोंत मिसळून दाखवले. मग मुलांना बोलावून आरोप सांगितले आणि त्यांचं म्हणणं लिहून घेतलं. आम्हाला मुलींची उलटतपासणी घेऊ दिली नाही, म्हणून ती मुलं न्यायालयात गेली. न्यायालयाने कॉलेजची कारवाई कायम ठेवली. तक्रारदार मुलींना त्याच कॅम्पसमध्ये राहायचं आहे, त्यांना आरोपींसमोर उभं केलं तर उद्या कुणी तक्रारच करणार नाही, हे न्यायालयाने ध्यानात घेतलं.

तुमच्या निळ्या बाटलीवाल्या मुलाला ११ मिनिटं मिळाली. बोलला किती मिनिटं तो?

पारिजातक

दोन वाक्यं. "हो सर" आणि "नाही सर" धरून.

दुसरी_बाजू

वकीलसाहेब, तिसऱ्या निकालाबद्दल थोडं अडतंय. कुणी काय सांगितलं तेच कळलं नाही तर आरोप झालेल्याने उत्तर कशाचं द्यायचं? माझ्या भाच्याला वसतिगृहातून काढलं, 'तक्रारी आल्या आहेत' एवढ्या तीन शब्दांवर. कसल्या, कधीच्या, काही नाही. सहा महिन्यांनी समजलं की दुसऱ्याच मजल्यावरच्या त्याच्या आडनावाच्या मुलाची फाइल होती.

पेठेतला_वकील

तुमचा राग योग्य आहे. तो निकाल लोक अर्धाच वाचतात. नाव झाकायची मुभा आहे, मजकूर झाकायची नाही. तारीख, वेळ, जागा, काय केल्याचा आरोप आहे, हे सगळं लेखी द्यावंच लागतं. भाच्याला तेवढं मिळालं असतं तर 'मी त्या मजल्यावर राहतच नाही' हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

ताई, आणखी एक. आदेशाच्या तळाशी दाद कुठे मागायची ते लिहायला लावा. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते, तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि तिच्या वर विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठीचा लोकपाल असतो. मुलांना यातलं काहीही ठाऊक नसतं.

रेक्टरताई

मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर, ३४० मुली. दिवसाचं काम कागदाचं असेल, आमचं रात्रीचं असतं.

सगळ्यात जास्त भांडणं कशावरून होतात सांगू? गरम पाणी आणि पॅरासाइट. बाहेरच्या लोकांसाठी सांगते, जिला खोली मिळालेली नाही आणि जी मैत्रिणीच्या खोलीत चोरून राहते तिला वसतिगृहात पॅरासाइट म्हणतात. शब्द मला आवडत नाही, पण सगळीकडे हाच चालतो. नियमाने तिला बाहेर काढायचं आणि खोलीवालीला दंड. एकदा रात्री दीड वाजता तपासणीत एक सापडली, पलंगाखाली. बाहेर काढून विचारलं. गावाकडून परीक्षेला आलेली, नवी पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन, राहत होती, तीन महिन्यांचं भाडं थकलं म्हणून मालकाने सामान जिन्यात ठेवलं होतं. पावसाळा. कुठे काढू तिला? मी रजिस्टरला तिची नोंद केली, 'पाहुणी, रेक्टरच्या परवानगीने', माझ्या सहीने चार दिवस ठेवलं आणि कमवा व शिका योजनेत काम मिळेल का ते बघितलं. मिळालं. खोलीवालीला मात्र दंड केलाच, १०० रुपये. आधी मला का नाही सांगितलं, याचा दंड.

तेव्हा ताई, तुम्ही मागा ते हे: नियमाच्या चौकटीत स्वतःच्या सहीने थोडंफार ठरवण्याचा अधिकार. प्रत्येक गोष्ट समितीपुढे गेलीच पाहिजे असं झालं तर किरकोळ गोष्टीही समितीइतक्या मोठ्या होतात.

डेक्कन_जिमखाना

अवांतर: रेक्टरताई, गणपतीआधीचे दोन महिने तुमच्याकडे काय होतं? आमच्या घराजवळ नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव असतो, त्यातली निम्मी मंडळी कॉलेजची असावीत.

रेक्टरताई

काय होतं! रात्री साडेनऊची वेळ, दहा वाजता बारा जणी दारात, हाताला ढोलाचे घट्टे आणि चेहऱ्यावर असा आनंद की ओरडायला तोंड उघडत नाही. शेवटी पथकाच्या प्रमुखांचं पत्र आणायला लावलं, सरावाच्या तारखा नोटीस बोर्डावर लावल्या आणि त्या दिवशी वेळ सव्वादहा केली. सव्वादहाला सगळ्या हजर. वर्गातल्या ७५ टक्के हजेरीचं मात्र माझ्या हातात नाही, ते पारिजातकताईंकडे येईल.

भरतचा_पडदा

हजेरीची केस माझ्यावरही झाली होती. पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेची तालीम. माफीनामा लिहून दिला, लेक्चर भरून काढली. ज्या सरांनी पकडलं होतं ते भरत नाट्य मंदिरात दुसऱ्या रांगेत बसलेले दिसले, तेव्हा मी विंगेतूनच नमस्कार केला. इतकंच सांगायचं होतं. चालू द्या.

धाकटी

धागा हसराही झालाय ते छान आहे, पण मला रॅगिंगबद्दल लिहायचं आहे.

माझा भाऊ पहिल्या वर्षाला वसतिगृहात होता, पुण्यातच. सिनियर रात्री बोलवायचे, रात्रभर उभं करायचे, त्यांच्या जर्नल लिहायला लावायचे. एकदा थंडीत गार पाण्याची बादली. त्याने धीर करून तक्रार केली. तिथल्या माणसाने दोन्ही बाजूंना एका खोलीत बसवलं, हात मिळवायला लावले आणि म्हणाला, आपसात मिटवा, करिअर सगळ्यांचंच आहे. त्या रात्रीपासून भाऊ झोपलाच नाही. पंधरा दिवसांनी सामान घेऊन हडपसरला मावशीकडे आला. रोज दोन बस बदलून कॉलेजला जायचा. पास झाला, नोकरीला लागला. आजही दारावर कुणी जोरात थाप मारली की दचकतो.

त्या माणसाच्या मनात वाईट नसेलही, काय माहीत. पण ताई, तुमच्या खुर्चीत बसून कुणालाही 'हात मिळवा' सांगू नका.

पेठेतला_वकील

धाकटी, तुझ्या भावाच्या बाबतीत जे झालं ते कायद्यात बसत नाही. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंध कायदा १९९९ चा आहे. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाने ७ दिवसांत चौकशी करायची. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर आरोप असलेल्याला निलंबित करून तक्रार पोलीस ठाण्याला पाठवायची. गुन्हा सिद्ध झाल्यास २ वर्षांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड, आणि पुढची ५ वर्षं दुसऱ्या संस्थेत प्रवेश नाही. प्रमुखाने काहीच केलं नाही तर त्याने रॅगिंगला साहाय्य केलं असं धरलं जातं. समेट घडवून फाइल बंद करण्याची सोय त्यात नाही.

शिवाय २००९ चे यूजीसीचे नियम. हिमाचलमध्ये अमन कचरू या वैद्यकीय विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये जीव गेला, त्याच वर्षी ते आले. रॅगिंगविरोधी समिती, अचानक तपासणी करणारं पथक, दरवर्षी विद्यार्थी आणि पालक दोघांचं हमीपत्र. मदतवाहिनी १८००-१८०-५५२२. कुणाच्या घरात पहिल्या वर्षाचं मूल असेल तर हा नंबर त्याच्या फोनमध्ये आजच टाकून द्या.

शेवंती

टाकला. धन्यवाद.

पीएचडी_चालू

पारिजातकताई, पुढच्या काही वर्षांत तुमच्या टेबलावर चिठ्ठ्या कमी आणि चॅटजीपीटीची प्रकरणं जास्त येणार, तयारी ठेवा.

प्रबंधातल्या उचलेगिरीला निदान २०१८ चे यूजीसीचे नियम आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० असेल तर ६ महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द. यंत्राने लिहिलेलं मात्र कुठून जसंच्या तसं उचललेलं नसतं, त्यामुळे साम्य दिसत नाही. मग विभागात कुणीतरी 'एआय ओळखणारं' सॉफ्टवेअर लावतं आणि ते म्हणतं ८७ टक्के एआय. माझ्या ज्युनिअरला असंच बोलावलं होतं. बिचारीने जर्नल वहीत आधी हाताने लिहिलं होतं, ती वही दाखवली म्हणून सुटली. मराठी माध्यमातून आलेली मुलगी, इंग्रजी पाठ्यपुस्तकासारखं सरळ लिहिते. सॉफ्टवेअरला ते यंत्राचं वाटलं.

पारिजातक

हा तर माझा विषय! थांबा, गणितच मांडते.

समजा १००० असाइनमेंट आल्या आणि त्यातल्या १०० खरोखर यंत्राकडून लिहून घेतलेल्या आहेत. सॉफ्टवेअर चांगलं आहे असं धरू. १०० पैकी ९० पकडतं आणि प्रामाणिक असाइनमेंटपैकी फक्त ५ टक्क्यांवर चुकीचा शिक्का मारतं. प्रामाणिक ९००, त्यांचे ५ टक्के म्हणजे ४५. एकूण शिक्का बसला १३५ जणांवर, त्यातले ४५ निर्दोष. तिघांत एक! आकडे मी उदाहरणापुरते घेतलेत, पण असा शिक्का पुरावा म्हणून फायलीत लावला तर काय होईल ते यातून दिसतं. त्यावरून फार तर मुलाला बोलावून विचारता येईल, हे तू कसं लिहिलंस ते सांग. तोंडी दहा मिनिटांत कळतं.

हे लिहिताना पहिल्यांदाच वाटलं की या खुर्चीत मला काहीतरी करता येईल.

रांगेत_उभा

हे गणित प्रत्येक विभागात लावा, ताई. ४५ मध्ये मीच असणार, माझं नशीब मला माहीत आहे.

समुपदेशक_अ

दोन-तीन गोष्टी, माझ्या बाजूच्या.

सुनावणी शुक्रवारी संध्याकाळी ठेवू नका. निकाल ऐकून मूल खोलीवर जातं, रूममेट गावी गेलेला असतो, समुपदेशक सोमवारी येणार असतो. मंगळवार-बुधवारी सकाळी ठेवा. आदेश हातात देताना तिथे मी किंवा माझ्यासारखं कुणीतरी असू द्या. उपदेश करायला नको, शेजारी बसायला. पहिल्या दोन रात्री अवघड असतात, तेव्हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर आदेशाच्या पाकिटावर छापून टाका. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं आहे, तो आधार घेऊन माणूस मागा.

आणि पालकांना कधी बोलवायचं हे मुलाशी बोलून ठरवा. तो १८ पूर्ण झालेला आहे. काही घरांत वडिलांना कळणं ही शिक्षेपेक्षा मोठी शिक्षा असते. काही घरांत नेमका उलटा अनुभव येतो, आई येते आणि मूल पहिल्यांदा नीट श्वास घेतं.

दुष्काळीपाऊस

इतके दिवस नुसतं वाचत होतो. पालकांचा विषय निघाला म्हणून लिहितो.

मी तो मुलगा आहे. म्हणजे निळ्या बाटलीचा नव्हे, माझं वीस वर्षांपूर्वीचं. जालना जिल्ह्यातून पुण्यात आलो, दुसऱ्या वर्षी कॉपी करताना सापडलो. केली होती. खोटं बोललो नाही, आजही बोलत नाही. शिक्षा योग्य होती.

घरी नोटीस गेली, ती इंग्रजीत. गावात ज्याने वाचून दाखवली त्याला 'मालप्रॅक्टिस' हा शब्द कळला नाही, त्याने दादांना सांगितलं की पोराने काहीतरी माल चोरला. दादा रात्रीच्या एसटीने शिवाजीनगरला उतरले, तिथून विचारत विचारत चालत आले. सकाळी आठला आले, चारपर्यंत व्हरांड्यातल्या बाकावर बसून. टोपी मांडीवर. त्यांना कुणी काही सांगितलं नाही, आणि मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हतो. एका शिपाईमामांनी चहा आणून दिला. दादा पुढे कितीतरी वर्षं त्या चहाबद्दल बोलायचे.

आदेश मिळाला. मला वाटलं शिक्षण संपलं. दादांनाही तेच वाटलं. सामान बांधायला निघालो, तेवढ्यात खिडकीवरच्या एका क्लार्कने हाक मारली. वहीचा कागद फाडला आणि त्यावर मराठीत लिहून दिलं: 'फक्त हे सत्र रद्द. पुढच्या परीक्षेचा फॉर्म अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत. फी इतकी. खिडकी नं. ४.' आणि दादांना म्हणाले, पाटील, पोरगं घरी नेऊ नका, इथंच ठेवा.

ती चिठ्ठी माझ्याकडे आहे अजून, लॅमिनेट करून. आज माती परीक्षणाची प्रयोगशाळा चालवतो, सात जण कामाला आहेत.

पारिजातकताई, तुम्ही विचारलंत काय मागावं. आदेश मुलाच्या भाषेत, आणि त्यात परत यायची तारीख. बाकी तुम्ही शिकालच.

गणेशखिंडकर

दुष्काळीपाऊस, खिडकीवर मी नव्हतो. पण तसं एक वाक्य लिहून द्यावं हे ९ वर्षांत मला कधी सुचलं नाही. आज रात्री झोप येणार नाही.

धाकटी

काका, तुम्ही कोरा कागद दिलात की मुलांना.

रेक्टरताई

दुष्काळीपाऊस, दादा कसे आहेत?

दुष्काळीपाऊस

गेले चार वर्षांपूर्वी. लॅबचं उद्घाटन त्यांच्याच हातून झालं.

पारिजातक

मंडळी, नऊ दिवसांनी लिहितेय, माफ करा. सगळे प्रतिसाद छापून घेतले होते, ते घेऊनच कुलसचिवांकडे गेले.

चार गोष्टी मागितल्या. सुनावणीत विद्यार्थ्याला खुर्ची आणि बोलायला किमान २० मिनिटं. नोटीस आणि आदेश मराठीत किंवा तो मागेल त्या भाषेत, त्यात आरोपाचा पूर्ण तपशील, अपील कुठे करायचं आणि परत कधी बसता येईल ती तारीख. तक्रारदार आणि आरोप असलेला यांना थांबायला वेगवेगळ्या खोल्या. स्वतंत्र लिपिक आणि कपाट. पहिल्या तीन मिळाल्या. लिपिक नाही मिळाला, अर्धवेळ देतो म्हणाले. कपाट आलंय, चावी माझ्या पर्समध्ये आहे. रॅगिंगच्या तक्रारीत समेट करायला मला कुणी सांगायचं नाही, हेही बोलून घेतलं, धाकटी.

हो म्हटलं.

जुन्या सरांकडून फायली ताब्यात घेताना पहिली ती शोधली. नाव सापडलं. आदेश इंग्रजीत, साडेतीन ओळी, परत कधी बसता येईल याचा उल्लेख नाही. परीक्षा विभागात विचारलं. त्या मुलाची नोंदणी आहे, पण त्याने त्यानंतर एकही फॉर्म भरलेला नाही. येत्या शुक्रवारी शेवटची तारीख आहे. आज त्याला पत्र टाकलं, मराठीत.

दुष्काळीपाऊस

ताई, पत्राची वाट बघू नका. फोन करा.

पारिजातक

केला. फाइलीतला त्याचा नंबर बंद होता, दुसरा घरचा होता. आईंनी उचलला. विद्यापीठातून बोलतेय म्हटल्यावर त्या गप्पच झाल्या, मग म्हणाल्या, "आता आणि काय केलं त्यानं?" काही नाही केलं, फॉर्म भरायचा राहिलाय, एवढंच सांगितलं. तो चाकणला कामावर आहे, दुसरी पाळी. रात्री साडेअकराला सुटतो. त्या म्हणाल्या, इतक्या उशिरा चालेल का मॅडम?

चालेल म्हटलंय. जागी आहे.